आखलेलं दार

मुलांनो, जरा डोळे मिटा. किलकिले नाही, चांगले गच्च. आता एक गल्ली डोळ्यांसमोर आणा. फार रुंद नको. समोरासमोर दोघं आले आणि एकाच्या हातात पाण्याची बादली असली, तर दुसऱ्यानं भिंतीला चिकटून उभं राहावं, एवढीच. एका बाजूला दुकानांची रांग. पाटी-पेन्सिलींचं, शिंप्याचं, चपला शिवणाऱ्याचं आणि शेवटी एक छप्पर, जिथं काहीच विकत नाहीत, पण दोन बाकं आहेत आणि ती कधी रिकामी नसतात. दुसऱ्या बाजूला शाळा. एक नाही, तीन. बैठी शाळा, लांब शाळा आणि माडीची शाळा. तिन्ही खांद्याला खांदा लावून उभ्या, तिन्हींची दारं गल्लीत, आणि पाठ पलीकडच्या मोठ्या रस्त्याकडे.

एवढा मोठा रस्ता सोडून शाळा अशी पाठ फिरवून का बसली, हे पहिल्यापासून गोष्ट ऐकत आलेल्यांना ठाऊक आहे. आज पहिल्यांदाच येऊन बसलेल्यांसाठी ते पुन्हा सांगायला हवं. मागच्यांनी चुळबुळ करू नये.

बैठी शाळा बांधली आपल्या भिंगरीच्या पणज्यानं. गवंडी माणूस. त्यानं नकाशा एका फळीवर ठोकला होता, आणि ऊन डोळ्यांवर आलं की तो फळी उचलून दुसऱ्या बाजूला जाऊन बसायचा. अशाच एका सकाळी फळी फिरली आणि तिच्याबरोबर शाळाही फिरली. जोतं झालं, भिंती वर आल्या, चौकट उभी राहिली. मग एक दिवस पहिले मास्तर मोठ्या रस्त्यानं शाळा बघायला आले, तर समोर सलग भिंत. मास्तर डावीकडे गेले, उजवीकडे गेले, भिंतीला हात लावून बघितला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "आत कुठून जायचं?"

ते वाक्य गावानं उचललं. पणज्याला 'उलटा गवंडी' नाव पडलं आणि त्याच्या पोरानातवंडांना 'उलटे'. पण भिंती पाडून पुन्हा बांधायला ना चुना उरला होता ना हौस. पोरं यायला लागली होती. तेव्हा मागची ती गल्ली म्हणजे नुसतं सांडपाणी वाहायची जागा. पोरं येतात म्हणून कुणी तिथं फरशी टाकली. फरशी आहे म्हणून एक बाई पेन्सिली घेऊन बसायला लागली. पोरांची बटणं तुटतात म्हणून शिंपी आला, चपला तुटतात म्हणून चपलावाला आला, आणि पोरांना न्यायला आलेल्या म्हाताऱ्यांना टेकायला हवं म्हणून बाकं आली. एका चुकीच्या दारातून अख्खी वस्ती बाहेर पडली म्हणा ना.

पणज्याचा मुलगा म्हणजे अण्णा. त्यांनी लांब शाळा बांधली आणि बापाची चूक सुधारायची म्हणून तिचं दार मोठ्या रस्त्याकडे काढलं. ऐसपैस, पुढे पायऱ्या. पहिल्याच दिवशी पोरं सवयीनं गल्लीत आली, दार दिसेना म्हणून खिडक्यांतून आत चढली, आणि पुढेही चढतच राहिली. शेवटी अण्णांना गल्लीकडे दार करावं लागलं. रस्त्याकडच्या दारात आता भूगोलाचे नकाशे ठेवतात. ज्याला बाहेरून पायऱ्या आहेत असं कपाट दुसरीकडे कुठं बघायला मिळायचं नाही.

माडीची शाळा अण्णांच्या थोरल्या मुलानं बांधली. त्यानं शहाणपणा केला. जिना सरळ गल्लीत उतरवला आणि गप्प बसला. पण मनातून तो गप्प बसला नव्हता, आणि आजचा हा रविवार त्याचाच आहे.

दुपारची जेवणं उरकली होती. अक्काच्या दुकानावरच्या खोलीत सगळे जमले होते. अक्का म्हणजे थोरल्याची मोठी बहीण. पाटी-पेन्सिलींचं दुकान तिचं, आणि खोलीही तिचीच. त्यामुळे कुणी कुठं बसायचं हे तीच ठरवायची. धाकट्या भावानं टेबलावर नकाशाची गुंडाळी उलगडली. एका कोपऱ्यावर मिठाची बरणी ठेवली, दुसऱ्यावर पेला, तिसऱ्यावर अण्णांच्या चष्म्याची डबी. चौथ्या कोपऱ्यावर थोरल्याची मुलगी भिंगरी कोपर टेकून बसली, कारण तिला दुसरं काही काम दिलं नाही की ती नावाप्रमाणे गरगर फिरायची.

"सरळ धरलायस ना?" अक्कानं विचारलं.

"अक्का, आता तरी नको," धाकटा म्हणाला. तो बांधकाम कचेरीत नकाशे काढायचा. त्यामुळे घरच्यांसाठी हा विनोद कधीच जुना होत नव्हता.

"नाही, विचारलेलं बरं. आपल्या घरात."

"शाळा समितीचे नवे अध्यक्ष मध्यंतरी शाळा बघायला आले," धाकट्यानं सुरुवात केली. "नवे आहेत, गावची माहिती नाही. मोठ्या रस्त्यानं आले आणि भिंतीसमोर उभे राहिले."

"आणि म्हणाले..." अक्का म्हणाली.

"आत कुठून जायचं," भिंगरीसकट सगळे एका सुरात म्हणाले. अण्णांची नुसती मिशी हलली.

थोरला हसला नाही. तो नकाशाकडे बघत होता. बैठ्या शाळेच्या रस्त्याकडच्या भिंतीत धाकट्यानं एक दार काढलं होतं. वर कमान, खाली उंबरठा, बाजूला पाटी. थोरल्याला ती भिंत तळहातासारखी माहीत होती. शाळेत असताना तो तिच्याच कडेला बसायचा. किती तरी तास त्यानं त्या कोऱ्या भिंतीकडे बघत काढले होते आणि मनातल्या मनात तिच्यात दार पाडलं होतं. आता ते कागदावर होतं, आणि काम त्यालाच मिळालं होतं.

"काढाच तुम्ही ते दार," त्याची बायको म्हणाली. ती बैठ्या शाळेत पहिलीला शिकवायची, भिंगरीच्याच वर्गाला. सगळं गाव तिला बाई म्हणे, त्यामुळे घरातही ती बाईच झाली होती. "दुपारनंतर त्या खोलीत फळा दिसत नाही. पोरं पाट्या दाराकडे तिरक्या धरून लिहितात. सगळ्यांचं अक्षर एका बाजूला कललंय. वरच्या वर्गातले मास्तर मला विचारतात, बाई, तुमच्याकडे वारा सुटतो का."

"घे. बाई माझ्या बाजूनं आहेत," थोरला म्हणाला.

"बायको बाजूनं! सगळ्यांच्या घरी एवढं असतं का?" अक्का म्हणाली. "पण मला एक सांग. हे दार झालं की माझ्या दुकानासमोरच्या दाराचं काय?"

धाकट्यानं मिठाची बरणी जरा सरकवली आणि पुन्हा होती तिथं ठेवली. "ते बंद. समिती म्हणते एकच दार हवं. दोन दारं झाली की लहान पोरं कुठून आली, कुठून गेली, बघायला दोन माणसं लागतात. गल्लीकडचं दार विटांनी बुजवायचं. तिथं पुस्तकांचं कपाट करायचं."

"आणखी एक कपाट," अण्णा म्हणाले. आज जेवणानंतर ते पहिल्यांदा बोलले होते.

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. "अहो, हे तुम्ही मला सांगितलं नव्हतंत."

"दार काढायचं म्हटल्यावर..."

"काढायचं म्हणालात. बुजवायचं नाही म्हणालात. गवंड्याच्या घरात राहते मी, दोन्हींतला फरक मला कळतो." त्यांनी खुर्ची थोडी फिरवली. फार नाही, पण एवढी की त्या आता अक्काच्या शेजारी बसल्यासारख्या दिसू लागल्या. "नवं पोर पहिल्या दिवशी रडायला लागलं की मी त्याला दारात उभं करते. समोर अक्का दिसते, शिंपी दिसतो, बाकावर कुणाचे तरी आजोबा दिसतात. कुणी ना कुणी वेडावून दाखवतं आणि ते गप्प होतं. रस्त्याकडच्या दारात उभं करून काय दाखवू? धूळ?"

"पेन्सिल विसरलेलं पोर दारातून नुसतं बघतं माझ्याकडे," अक्का म्हणाली. "मी इथून फेकते, ते तिथं झेलतं. न झेलणाऱ्याला मी आधी झेलायला शिकवते, मग पेन्सिल देते. रस्त्याच्या बाजूला फेकायला माझा हात एवढा लांब नाही रे बाबा."

"तुझं दुकान चालेल, अक्का."

"दुकान चालेल. माझं कसं चालेल?"

धाकटा खाली बघून म्हणाला, "तसं बघितलं तर दादा, मलाही ते बुजवायचं काही..."

"तू काढलायस हा नकाशा," थोरला म्हणाला.

"मी नुसत्या रेघा ओढतो. सांगतील तशा."

"म्हणजे तूही तिकडे."

"तिकडे-इकडे काय त्यात. टेबल एकच आहे."

खरं म्हणजे तेव्हाच थोरल्याला कळलं की टेबलाच्या या बाजूला तो एकटाच उरला आहे. त्याला राग आला नाही. त्यानं आपले दोन्ही हात टेबलावर ठेवले. चुन्यानं भेगाळलेले, नखांच्या कडा पांढऱ्या झालेले हात.

"तुम्हाला कुणी कधी 'उलट्या' अशी हाक मारली नाही," तो म्हणाला. "अक्काला मारायची कुणाची छाती नव्हती. धाकट्या, तू शाळेत आलास तोवर मी सगळ्यांना बडवून ठेवलं होतं. पण मला मारली. पोरांनी मला सदरा मागचा पुढे करून घालायला लावला. मी फळ्याकडे तोंड करून बसलो की म्हणायची, अरे, तू भिंतीकडे बस, तुमच्याकडे तसंच असतं. वाईट नव्हती पोरं. हसत हसतच म्हणायची. आजही विटा घेऊन गाडी आली की गाडीवाला मान बाहेर काढून विचारतो, काय हो, आत कुठून जायचं. मीही हसतो. माझ्या बांधकामाला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही, पण नाव एकच ठरलेलं." तो थांबला. "मला एकदाच त्या भिंतीसमोर उभं राहून सांगायचंय. इथून. इथून आत जायचं. बस, एवढंच."

अक्कानं पेला उचलला, त्यात पाणी नव्हतं, तरी तोंडाला लावला. नकाशाचा तो कोपरा अलगद गुंडाळत वर आला.

"बाबा," भिंगरी म्हणाली. तिचं कोपर अजून चौथ्या कोपऱ्यावर इमानदारीत होतं. "नवं दार वर्ग चालू असताना उघडं असणार?"

"नाही. रस्ता आहे तो. गाड्या, धूळ. बंदच ठेवायचं."

"कडी लावून?"

"कडी लावून."

"मग शीळवाला दिसणार कसा?"

"कोण शीळवाला?" बाईंनी विचारलं.

तेव्हा उलगडा झाला. रोज दुपारी भिंतीपलीकडून कुणीतरी शीळ घालत जातो. रोज तीच चाल, आणि रोज एका ठरावीक जागी ती तुटते. पुढचं कधीच ऐकू येत नाही. वर्गात यावर दोन तट पडले आहेत. काही म्हणतात तो उंच आहे, कारण शीळ वरून येते. काही म्हणतात बुटका आहे आणि टोपी घालतो. टोपीचं कारण कुणालाच सांगता येत नाही, पण ती बाजू मोठी आहे.

"म्हणून अर्धा वर्ग भिंतीला कान लावून बसतो होय," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, तिथं गार वाटतं."

सगळे हसले, आणि मुलीच्या प्रश्नाचं उत्तर तसंच राहून गेलं. मोठ्यांच्या टेबलावर असं होतं.

अण्णांनी नकाशावरची डबी उचलली आणि चष्मा लावला. नकाशा बघितला नाही, मुलाकडे बघितलं. "भांडताय कशाला? आखून तर बघा."

आता हे 'आखणं' म्हणजे काय ते सांगायला हवं. पणज्यानं ती फळी फिरवली ना, त्यानंतर त्यानं स्वतःला एक शिस्त लावून घेतली आणि पुढे ती घराण्याचीच झाली. भिंतीत दार काढायचं तर आधी ते पांढऱ्या चुन्यानं भिंतीवर आखायचं, कमी नाही जास्त नाही, जेवढं होणार तेवढंच. मग ज्यांना ते वापरायचं त्यांनी एकेकानं समोर उभं राहायचं. आणि सगळ्यात लहान माणसानं चुन्यात हात बुडवून त्या दारावर ठेवायचा. हात जिथं उमटेल तिथं कडी. म्हणून त्या वस्तीतल्या सगळ्या दारांच्या कड्या खाली असतात आणि बाहेरगावचा माणूस दारावर वरून खालपर्यंत हात फिरवत बसतो. हात उमटल्याशिवाय या घरातला गवंडी भिंतीवर पहिला घाव घालत नाही.

थोरल्यानं चुन्याची बादली उचलली. बाईंनी शाळेची किल्ली घेतली. अक्का म्हणाली मी नाही येणार, आणि सगळ्यांच्या आधी जिना उतरली.

बैठ्या शाळेत उन्हं कलती झाली होती. गल्लीच्या दारातून उजेडाचा एक पट्टा आत येत होता आणि तिसऱ्या बाकापाशी संपत होता. त्यापुढे अंधूक. बाकं बाजूला सारली. थोरल्यानं ओळंबा सोडला. लोंबतं शिसं डुलत डुलत थांबलं, तशी त्यानं दोरीच्या कडेनं पहिली रेघ ओढली. मग दुसरी. मग खिळ्याला दोरी बांधून वरची कमान, एका दमात, हात न उचलता. असं काही करताना तो वेगळाच माणूस होई. खांदे सैल पडत, जीभ ओठांच्या कोपऱ्यात येई. बाईंना त्याचं ते रूप ठाऊक होतं. त्या अंधूक खोलीत त्या भांडण विसरून त्याच्याकडेच बघत राहिल्या.

तो मागे सरकला. भिंतीवर दार उभं होतं, पांढरं, रेखीव, जणू कुणी हाक मारली तर उघडेल.

अक्का त्याच्यासमोर उभी राहिली. पदरानं मान पुसली. "चांगलं काढलंस मेल्या," ती म्हणाली. "वाईट काढलं असतंस तर भांडायला बरं पडलं असतं."

"तूच उभी राहा आधी. भावंडांत मोठी."

"राहिले की. आता काय, टाळ्या वाजवू?" ती बाजूला झाली. "लांब शाळेच्या दाराच्या वेळी मलाच बोलावलं होतं हात लावायला. भिंगरीएवढी होते मी."

"आणि?" धाकट्यानं विचारलं.

"पळाले. भोकाड पसरून गल्लीत."

"ते मला आठवतंय," अण्णा म्हणाले. ते बाकावर टेकले होते. "मग मी कडी अंदाजानं लावली. तेवढा एकदाच नियम मोडला. पुढे ते दार कुणी वापरलं नाही तेव्हा वाटायचं, पोरीला तेव्हाच कळलं होतं. लहान जीव, त्यांना काहीतरी उमगतं. म्हणून मी नंतर कधी तुला त्यावरून बोललो नाही."

"कळलं कसलं, अण्णा," अक्का म्हणाली. "रस्त्यावर कुत्रं होतं."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "कुत्रं होतं होय," ते म्हणाले. "मी उगाच इतकी वर्षं तुला मान देत आलो." आणि मग त्यांना जे हसू फुटलं ते थांबेना. बाईंनी त्यांची पाठ चोळली. थोरल्यालाही हसू आवरलं नाही. बऱ्याच दिवसांनी बापलेक एकाच गोष्टीवर एकाच वेळी हसत होते.

धाकटा दारासमोर उभा राहून झाला. बाई उभ्या राहिल्या. त्यांनी आखलेल्या दाराकडे पाठ करून एकदा गल्लीच्या खऱ्या दाराकडे बघितलं आणि बाजूला झाल्या. थोरल्यानं ते बघितलं.

"ये," त्यानं लेकीला हाक मारली. "सावकाश. चुना डोळ्यांना लावू नकोस."

भिंगरीनं बादलीत उजवा हात बुडवला. निथळू दिला. मग भिंतीकडे बघितलं आणि डावाही बुडवला.

"एकच पुरे गं," बाई म्हणाल्या.

तिनं ऐकलं नाही. ती आखलेल्या दाराशी गेली आणि दोन्ही पंजे भिंतीवर ठेवले, शेजारी शेजारी, हनुवटीच्या जरा खाली. कडी लावणारं माणूस असे हात ठेवत नाही. मग ती टाचा उचलून चवड्यांवर उभी राहिली, दोन्ही पंजांच्या मधोमध नाक भिंतीला टेकवलं आणि तशीच राहिली.

"काय करतेस?" थोरल्यानं विचारलं.

"बघतेय."

"काय दिसतंय?"

"अजून काही नाही." तिनं नाक काढलं. नाकाचा शेंडा पांढरा झाला होता. "आज रविवार आहे ना. तो येत नाही रविवारी."

थोरला बघत राहिला. भिंतीवर दोन लहान पंजे आणि मध्ये एक टिंब. गवंड्याच्या डोळ्याला रेघा लगेच दिसतात, पण त्यांचं काय करायचं हे मन सांगायला वेळ लावतं. दुपारपासून त्यानं जे जे ऐकलं होतं ते एकेक करून पुढे आलं. तिरक्या पाट्या. बंद दार, कडी लावलेलं. बाई मघाशी ज्या दाराकडे वळून बघत होत्या ते दार. आणि भिंतीकडे तोंड करून बसवलेला एक मुलगा. तो आज मोठा होऊन, या भिंतीतून बाहेर पडता येईल असं भोक पाडायला निघाला होता. पण त्या मुलाला तेव्हा खरं काय हवं होतं? बाहेर जायला तर गल्लीत मजा होती. कोऱ्या भिंतीकडे बघत बसावं लागतं, हेच त्याचं दुःख होतं.

त्यानं ओलं फडकं घेतलं, गुडघ्यांवर बसला आणि पंजांच्या खालच्या दोन्ही उभ्या रेघा जमिनीपर्यंत पुसून टाकल्या. मग दोरी ताणून पंजांच्या बरोबर खाली एक आडवी रेघ ओढली.

वरची कमान तशीच राहिली. भिंतीवर आता एक खिडकी होती.

धाकटा म्हणाला, "दादा, समितीला मी काय सांगू?"

"सांग, उलट्या गवंड्यानं नकाशा पुन्हा उलटा धरला," थोरला फडकं पिळत म्हणाला. "मागितलं होतं दार, निघाली खिडकी."

हे नाव तो स्वतःहून स्वतःला पहिल्यांदाच लावून घेत होता. अण्णांनी ते ऐकलं आणि मान खाली घालून नुसता बाकावरचा चुना झटकला. तिथं चुना नव्हता.

"उजेड पुरेल?" बाईंनी विचारलं.

"कमान पुरी ठेवतो. फळाच काय, फळ्यामागची कोळिष्टकंही दिसतील. मग मला बोल लावू नका."

"अध्यक्ष ऐकायला हवेत," धाकटा म्हणाला. "त्यांना शाळेचं तोंड रस्त्याकडे हवंय."

"त्यांची नात माझ्याच वर्गात आहे," बाई म्हणाल्या. "टोपीवाल्यांच्या बाजूची. तिला घेऊन या म्हणावं, आणि तिच्यासमोर दार मागून दाखवा."

अक्कानं कंबरेवर हात ठेवले. "ते सगळं ठीक. पण उद्या कुणी रस्त्यावर उभं राहून विचारलं, आत कुठून जायचं, तर?"

थोरल्यानं खिडकीकडे बघितलं. तिथं बसणारी तोंडं त्याला आत्ताच दिसायला लागली होती, पांढऱ्या नाकांची. "तर खिडकीतली पोरं सांगतील," तो म्हणाला. "गल्लीतून या म्हणून. विचारणारा एक असेल, सांगणारा अख्खा वर्ग."

"ओरडून सांगतील," बाई म्हणाल्या. "शिकवू कधी मी?"

एवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं की भिंगरी खोलीत नाही. बादली होती, बादलीपासून दारापर्यंत चुन्याचे थेंब होते, आणि गल्लीच्या दाराच्या कडीवर एक ओला पांढरा पंजा होता. बाहेरून शिंप्याचा आवाज आला, "अगं, हात कुठं पुसतेस, नवं कापड आहे ते." मग धावणारी पावलं गल्लीच्या तोंडाशी गेली आणि कोपऱ्यावर वळून ऐकू येईनाशी झाली.

"रस्त्यावर गेली," अक्का म्हणाली आणि तरातरा दाराकडे निघाली.

"थांब," थोरला म्हणाला. त्यानं भिंतीला कान लावला, नेमका त्या टिंबाच्या जागी. ओला चुना कानाला गार लागला.

आधी काहीच नव्हतं. एक गाडी गेली. मग भिंतीवर दगडानं टकटक झाली, पंजे होते त्याच उंचीवर. आणि मग शीळ आली. फुसकी, सुरापेक्षा हवाच जास्त, मध्येच थुंकी उडालेली, पण चाल धरून. एका जागी ती पटकन तुटली, जिथं रोज तुटायची तिथंच.

"बाबा," भिंतीपलीकडून भिंगरी ओरडली, "ओळखा, मी उंच आहे का बुटकी?"